दुसरा आठवडा

कुठलंतरी जुनं थिएटर बंद पडल्याची बातमी आली की आमच्या घरच्या ग्रुपवर दुखवटा सुरू होतो. २०१४ च्या डिसेंबरात 'प्रभात'ची पाटी उतरली तेव्हा झाला, २०१९ च्या मे महिन्यात दादरचं 'चित्रा' बंद झालं तेव्हा झाला, आणि मधूनमधून तालुक्याच्या गावातलं एखादं गेलं की होतोच. मग आठवणी निघतात. बाल्कनीचं तिकीट केवढ्याला होतं, कोण कॉलेज बुडवून कुठल्या सिनेमाला गेलं होतं, मध्यंतरातला वडा कसा गरम मिळायचा. चार-पाच रडके चेहरे चिकटवले जातात. तासाभराने गुड नाइट.

रागावू नका मंडळी, पण मला या मर्तिकांचा अगदी कंटाळा आलाय. गेल्या खेपेला मी ग्रुपवर साधा प्रश्न टाकला, की आपापल्या गावात जे थिएटर अजून चालू आहे तिथे या आठवड्यात काय लागलंय? सव्वीस माणसं आहेत ग्रुपवर. पुणे, सातारा, कऱ्हाड, ठाणे, दोघं बंगलोरला, एक न्यू जर्सीला. उत्तर एकाचंही आलं नाही. न्यू जर्सीच्या भाच्याने अंगठा दाखवला, बाकी सगळं शांत. मेलेल्या थिएटरातल्या वड्याची चव लक्षात आहे, जिवंत थिएटरात काय चालू आहे ते माहीत नाही!

आता तुम्ही म्हणाल, हिचं नेहमीचं सुरू झालं. मराठी चित्रपटाला थिएटर मिळत नाही, मल्टिप्लेक्सवाले अन्याय करतात, सरकार झोपलंय वगैरे. नाही. उलट मला वाटतं की 'थिएटर मिळत नाही' या ओरड्यानेच आपलं नुकसान केलंय. थिएटर मिळतं. शुक्रवारी मिळतं. सोमवारी मिळत नाही, आणि पुढच्या शुक्रवारी तर विचारूच नका. भांडण त्या पुढच्या शुक्रवारचं असायला हवं होतं, ते आपण कधी केलंच नाही.

थोडं मागे जाते, कारण त्याशिवाय हे कळायचं नाही.

आमचे एक काका जिल्ह्यातल्या एका थिएटरात ऑपरेटर होते. ('एक काका' म्हटलं तरी घरच्यांना कळलं असेलच. काकू, वाचत असाल तर नमस्कार.) त्यांच्या काळात चित्रपट म्हणजे पत्र्याच्या डब्यांतली रिळं. प्रिंट काढायला पैसे लागायचे, त्यामुळे मराठी चित्रपटाच्या प्रिंटा निघायच्या मोजक्या. त्या आधी मुंबई-पुण्यात लागायच्या, मग कोल्हापूर-सांगली-सातारा, मग तालुके, मग जत्रेतले तंबू. कधीकधी एकाच गावात दोन थिएटरांत एकच प्रिंट चालायची. एकीकडे पहिली रिळं दाखवून झाली की पोऱ्या ती सायकलला लावून दुसरीकडे पळायचा. पोऱ्या पंक्चर झाला की दुसऱ्या थिएटरात शिट्ट्या! काका हे सांगताना आजही हसून लोटपोट होतात. पण त्यात एक गोष्ट अशी होती की चित्रपटाला वेळ मिळायचा. पुण्याला पाहिलेला माणूस लग्नाकार्याला गावी यायचा आणि सांगायचा, 'बघण्यासारखा आहे हो.' तोवर डबे गावात पोचायचे होते. शब्द आधी यायचा, सिनेमा नंतर.

काकांचं म्हणणं असं की पहिल्या आठवड्याचा गल्ला पोस्टर बघून येतो, दुसऱ्या आठवड्यात माणसं माणसांना घेऊन येतात. त्यांच्या थिएटरचे मालक दुसऱ्या सोमवारी सहाच्या खेळाला स्वतः दारात उभे राहून बायका किती आल्या ते बघायचे. बायका वाढल्या असतील तर चित्रपट चालणार. हे शास्त्र कुठल्या एमबीएच्या पुस्तकात नसेल, पण त्या मालकांचं थिएटर त्याच्यावर पुष्कळ वर्षं चाललं.

आणि हे काही एका गावापुरतं नव्हतं. 'संत तुकाराम' १९३६ सालचा. मुंबईत एका थिएटरात तो ५७ आठवडे चालला. पहिल्या शुक्रवारी ५७ आठवडे कुणी ठरवून दिले नव्हते, ते एकेक करून वाढत गेले. तो काढणाऱ्या प्रभातवाल्यांनी त्याच्या आधी दोन वर्षं, १९३४ च्या सप्टेंबरात, अप्पा बळवंत चौकाजवळचं किब्यांचं थिएटर चालवायला घेतलं होतं. म्हणजे चित्रपट काढणाऱ्याच्या हातात स्वतःचा पडदा होता. पुढे व्ही. शांताराम यांच्याकडे दादरचं 'प्लाझा' आलं, तेही तसंच. पडदा स्वतःचा असला की एक मोठी गोष्ट होते. पहिल्या सोमवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी कुणी घाबरून चित्रपट उतरवत नाही.

दादा कोंडक्यांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. १९७१ साली 'सोंगाड्या'ला कोहिनूर ठरलं होतं, ऐनवेळी देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं घाटत होतं, शिवसेना मध्ये पडली आणि 'सोंगाड्या' लागला. ही गोष्ट आपण नेहमी मराठी माणसाच्या दणक्याची म्हणून सांगतो. पण दणक्याने चित्रपट लागला, हे निम्मंच झालं. लागल्यावर तो रौप्यमहोत्सव होईपर्यंत चालला तो गिरणगावातली माणसं पुन्हापुन्हा आली म्हणून, आणि ती येईपर्यंत पडद्यावर तो होता म्हणून. दणक्याने फार तर शुक्रवार मिळतो.

आता आजचा हिशोब बघा. डबे गेले, उपग्रहावरून आणि हार्ड डिस्कवरून चित्रपट यायला लागले. तेव्हा आम्ही सगळे खूश झालो होतो, मीही. पुण्याला लागलेला चित्रपट त्याच शुक्रवारी दहिवडीला! लोकशाहीच की. चोरटी सीडी बाजारात यायच्या आत गावातल्या माणसाला तो पडद्यावर बघता येणार होता, हा फायदा खरा होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की पूर्वी जो चित्रपट चार-सहा महिने महाराष्ट्रभर फिरायचा तो आता तीन दिवसांत सगळीकडे लागून सगळीकडून उतरतो. शब्द पोचायच्या आत सिनेमा निघून गेलेला असतो. शिवाय प्रोजेक्टर बसवून देणाऱ्या कंपन्यांना निर्मात्याने पैसे मोजायचे. प्रिंटचा खर्च वाचला म्हणून 'व्हर्च्युअल प्रिंट फी' नावाचा खर्च आला. गंमत आहे ना, नसलेल्या प्रिंटची फी! हॉलिवूडवाल्यांनी ती ठरावीक मुदतीनंतर बंद व्हावी अशी सोय करून घेतली. आपल्याकडे ती रेंगाळत राहिली, २०१८ साली तमिळ निर्मात्यांनी त्यावरून संपसुद्धा केला. मोठ्या हिंदी चित्रपटाला हा खर्च जाणवत नाही. ज्या मराठी निर्मात्याने घर गहाण टाकून चित्रपट काढलाय त्याला एकेका थिएटरचा हिशोब करताना जाणवतो.

दुसरं, पैशाची वाटणी. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं दोन महिने भांडण झालं होतं, आठवतंय? एप्रिलपासून जूनपर्यंत नवीन मोठा चित्रपटच नव्हता. शेवटी ठरलं ते असं: पहिल्या आठवड्याच्या उत्पन्नातले ५० टक्के निर्मात्याकडच्यांना, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे ३०. आता तुम्हीच सांगा, ज्याचा वाटा दर आठवड्याला घसरणार आहे तो सगळा जोर कुठे लावेल? पहिल्या आठवड्यात. शक्य तेवढे पडदे, शक्य तेवढे खेळ, शक्य तेवढी जाहिरात, आणि रविवारी रात्री पैसे घेऊन मोकळा. मोठ्या चित्रपटांसाठी बांधलेली ही चौकट. तिच्यात मग सगळेच बसवले गेले, ज्यांच्याकडे पहिल्या तीन दिवसांच्या जाहिरातीलाच पैसे नाहीत तेसुद्धा.

तिसरं मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते थेट आपल्या गल्लीतल्या एकपडदा थिएटराबद्दल आहे. बाहेरून वाटतं की मालक स्वतंत्र आहे, तो कुठल्या साखळीतला नाही, मनाला येईल तो चित्रपट लावेल. प्रत्यक्षात मोठा चित्रपट येतो तो अटी घेऊन. दिवसाचे चारही खेळ आमचेच. अमुक आठवडे उतरवायचा नाही. ईदचा हवा असेल तर दिवाळीचाही घ्या. शेवटचं मी मनचं सांगत नाहीये. २०१२ साली 'सन ऑफ सरदार' आणि 'जब तक है जान' एकाच दिवाळीत आले तेव्हा नेमकी हीच तक्रार घेऊन अजय देवगणची कंपनी यशराजच्या विरोधात स्पर्धा आयोगाकडे गेली होती. 'एक था टायगर' देताना एकपडदावाल्यांकडून दिवाळीचंही कबूल करून घेतलं, असं तिचं म्हणणं होतं. आयोगाने तक्रार फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल, मी वकील नाही. पण दोन हत्तींच्या त्या भांडणात थिएटर मालकाला कुणी विचारलं नाही, आणि त्या दिवाळीत त्याच्या पडद्यावर तिसरा चित्रपट लावायची त्याची इच्छा होती का, हा प्रश्न तर कुणाच्या डोक्यातही आला नाही.

म्हणजे ज्याला आपण प्रेमाने 'आपलं थिएटर' म्हणतो त्याच्यात भिंती मालकाच्या, खुर्च्या मालकाच्या, विजेचं बिल मालकाचं. पडदा तेवढा दुसऱ्याचा.

यावर सरकारने काय केलं? नियम केले. एकपडदा थिएटरांनी वर्षातून चार आठवडे मराठी चित्रपट दाखवायचा, म्हणजे ११२ खेळ, ही परवान्याची अट जुनी आहे. हेतू चांगला. पण ११२ खेळ म्हणजे ११२ आकडे. ते कसे भरायचे हे थिएटरवाल्याला आणि वितरकाला बरोबर कळतं. ज्या आठवड्यात मोठा हिंदी चित्रपट नाही, परीक्षा चालू आहेत, पाऊस झोडपतोय, त्या आठवड्यात दुपारी बाराला मराठी. आकडा भरला. बारा वाजता कोण येणार? ज्या मावश्या-काकवांनी तो चित्रपट उचलून धरला असता त्या तेव्हा कुकर लावत असतात किंवा ऑफिसात असतात.

मग २०१५ चा एप्रिल. मल्टिप्लेक्सनी संध्याकाळी सहा ते नऊमध्ये मराठी चित्रपट दाखवलाच पाहिजे असं विनोद तावड्यांनी जाहीर केलं. शोभा डे यांनी ट्विटरवर टोमणा मारला, त्यांच्याविरुद्ध हक्कभंग, त्यांच्या दारात वडापाव... चार दिवस काय धुरळा उडाला होता! त्या धुरळ्यात मल्टिप्लेक्सवाल्यांची मंत्र्यांबरोबर बैठक झाली आणि प्राइम टाइम दुपारी बारा ते रात्री नऊ असा ठरला. दुपारी बाराचा प्राइम टाइम! दारातल्या वडापावचं सगळ्यांना आठवतं, हे बारा कुणाला आठवत नाही.

याच मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षं करमणूक कर माफ होता, हेही जाता जाता आठवून ठेवा. एकपडदावाला त्याच काळात कर भरत होता आणि खुर्च्या फाटल्या म्हणून आपल्या शिव्या खात होता.

२०२५ च्या जुलैमध्ये तेच पुन्हा. 'सैयारा' जोरात चालला, 'ये रे ये रे पैसा ३'चे खेळ कमी झाले, मनसेने इशारे दिले, वाहिन्यांवर चर्चा. मला या पक्षांच्या कार्यकर्त्यांबद्दल तक्रार नाही, ते निदान थिएटरपर्यंत जातात. पण हा ज्वर कायम पहिल्या आठवड्यातलाच असतो. दुसऱ्या बुधवारी, सहाच्या खेळाला पडदा कुणाचा आहे हे बघायला एकही झेंडा आलेला मी पाहिला नाही.

दुसऱ्या आठवड्याचं एवढं काय, असं विचाराल तर 'बाईपण भारी देवा' घ्या. २०२३ च्या ३० जूनला आला. दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा जास्त! हिंदीत हे औषधालाही सापडत नाही. आमच्या सोसायटीतल्या बायका गॉगल आणि नऊवारीत टेम्पो करून गेल्या त्या कितव्या दिवशी, सांगू? बाराव्या. पहिल्या शुक्रवारी यांच्यापैकी एकीलाही त्या चित्रपटाचं नाव माहीत नव्हतं. कुणाची तरी नणंद बघून आली, तिने सांगितलं, भिशीत ठरलं, कुणाच्या नवऱ्याचा उपास होता तो दिवस टाळला, मग गेल्या. मराठी प्रेक्षक असा जमतो. त्याला घरातून निघायला आठ-दहा दिवस लागतात. आळस नाही तो, चौघांना विचारून पैसे खर्च करायची सवय आहे.

त्याच वर्षी, दोनच महिने आधी, २८ एप्रिलला भाऊराव कऱ्हाड्यांचा 'टीडीएम' आला होता. त्याच दिवशी 'महाराष्ट्र शाहीर', त्याच दिवशी 'पोन्नियिन सेल्वन'चा दुसरा भाग. 'टीडीएम'ला खेळ मिळेनात. दिग्दर्शक आणि नवखी जोडी प्रेक्षकांसमोर रडली, ती चित्रफीत तुम्हीही पाहिली असेल. त्यांनी चित्रपट काढून घेतला आणि जूनमध्ये पुन्हा लावला. तो चांगला होता की वाईट हा वाद मी इथे करत नाही. वाईट असता तर लोकांनी दहा दिवसांत तसं सांगितलं असतं आणि त्याने गुपचूप घरी जायला हवं होतं. पण लोकांनी सांगायच्या आधीच घरी पाठवलं, याला काय म्हणायचं?

आता माझा अनुभव. थिएटरचं नाव सांगत नाही, कुणी पुरावे मागायला नको. गेल्या वर्षी एका मराठी चित्रपटाबद्दल चांगलं ऐकलं. सोमवारी ऐकलं, मंगळवारी संध्याकाळचं तिकीट काढलं. शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये पोचले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'मॅडम, शो कॅन्सल आहे. तीनच तिकिटं गेली होती.' मी म्हटलं, बाकीचे दोघं कुठायत? ते बिचारे मागेच उभे होते, साठीचे नवरा-बायको, वारज्याहून दोन बस बदलून आलेले. मुलगा म्हणाला, त्याच तिकिटावर हिंदी बघा ना, मस्त आहे, फुल चाललाय. त्या काकू म्हणाल्या, 'अरे बाळा, आम्ही साडी घ्यायला आलो तर तू टॉवेल देतोस.' पैसे परत मिळाले. बुधवारी तो चित्रपट शहरातून गेला होता. आणि शुक्रवारी एका वाहिनीवर कुणीतरी सांगत होतं की मराठी प्रेक्षकच थिएटरात येत नाही!

तीन तिकिटांसाठी एसी चालवणं परवडत नाही, हे मला मान्य आहे. आठशे खुर्च्यांच्या एकपडदा थिएटरात चाळीस माणसं बसली तर मालकाचं काय होतं हेही काकांमुळे मी जवळून पाहिलंय. डोअरकीपरचा पगार, दिवे, झाडू मारणाऱ्या बाई, पालिकेचा कर. कुणी मालकाने धर्मादाय दवाखाना उघडलेला नाही. म्हणूनच 'मराठी चित्रपट लावलाच पाहिजे' असं मी त्याला दरडावणार नाही. मी म्हणते, दिवसाचे तीन खेळ लाव तो मोठा चित्रपट, कमव. चौथा एक खेळ, संध्याकाळचा सहाचा, तुझा तुझ्याकडे ठेव. तो कुणाच्या करारात देऊ नकोस. त्यात जो कुठला छोटा चित्रपट घेशील तो तीन आठवडे, रोज, त्याच वेळेला. पहिला आठवडा रिकामा गेला तरी. मराठी असो, मल्याळी असो, एखादा छोटा हिंदी असो, मला भाषेचं एवढं नाही. वेळ आणि आठवडे याचं आहे. गावात एकदा कळलं की सहाला तिथे 'तो' खेळ असतो, की माणूस ॲप न उघडताही जातो. पूर्वी नाही का, वर्तमानपत्रात थिएटरच्या नावाखाली ३, ६, ९ एवढंच छापलेलं असायचं? वेळा पाठ होत्या, फक्त वरचं नाव बदलायचं. आज एकाच चित्रपटाच्या वेळा सोमवारी ४.२०, मंगळवारी १०.५५, बुधवारी काहीच नाही. रेल्वेचं वेळापत्रक बरं.

सरकारला करायचंच असेल तर ११२ खेळ मोजणं बंद करून हे मोजावं: किती थिएटरांनी किती छोटे चित्रपट एकाच वेळेला सलग तीन आठवडे चालवले. जे चालवतील त्यांना वीज आणि परवान्यात सूट. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झालाय, त्यावरच्या तिकिटावर १८. शंभराच्या आतलं तिकीट आता मुख्यतः एकपडदावाल्याकडेच उरलंय, तेव्हा सहाच्या खेळाला लागणारी सवलत दारात येऊन बसलीच आहे. वापरायचीय फक्त.

निर्मात्यांनाही दोन शब्द. २०२५ च्या १२ सप्टेंबरला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी लागले. पुढच्याच शुक्रवारी 'साबर बोंडं', आणि त्याच दिवशी 'जॉली एलएलबी ३'. 'साबर बोंडं' सनडान्सला बक्षीस मिळवून आलेला, त्याची चर्चा जगभर. 'दशावतार' जोरात चालला, चांगलंच झालं. पण बाकीच्यांना तुम्ही एकमेकांच्या अंगावर का सोडता? हिंदीवाल्यांनी आपल्याला चिरडलं म्हणून रडायचं आणि आपणच आपल्याला चिरडायचं. एक कॅलेंडर भिंतीवर लावून चार निर्मात्यांनी चहा पीत बसावं, एवढ्यात सुटणारं काम आहे हे.

फिल्म क्लबवाले मित्र इथे वाचतात, त्यांचाही आक्षेप मला माहीत आहे. 'असे चित्रपट आम्ही दाखवतोच की.' दाखवता, आणि मी सभासद आहे, वर्गणी भरते. 'पिफ'च्या रांगेतही दरवर्षी उभी असते. पण तिथे तेच दोनशे चेहरे असतात हो. सगळे एकमेकांना ओळखतात, निम्म्यांनी ब्लॉग लिहिलाय. 'स्थळ'सारखा चित्रपट, विदर्भातल्या गावातल्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमांवरचा, तो आम्ही दोनशे जणांनी बघून माना डोलावून काय होणार? तो त्या बघायला जाणाऱ्या मंडळींनी बघायला हवा, आणि ती मंडळी गळ्यात पास अडकवून महोत्सवाला येत नाहीत. सहाच्या खेळाला येतील.

राहिला सगळ्यांचा लाडका मुद्दा, 'मोबाइलवर येईलच'. दादा, तू परवा हेच म्हणालास. निर्माते सांगतात की ओटीटीवाले मराठी चित्रपट घेताना आधी विचारतात, थिएटरात किती चालला? तीन दिवस चालला म्हटलं की भाव पडतो किंवा घेतच नाहीत. म्हणजे तू ज्याची घरी बसून वाट बघतोयस तो तू घरी बसलास म्हणूनच येत नाहीये.

मंडईत जाणाऱ्या पुणेकरांना आर्यन आणि मिनर्वा ही नावं माहीत असतात. तिथे गाडी लावतात. गंगाधरपंत पाठकांनी १९१५ मध्ये सुरू केलेलं 'आर्यन' हे पुण्यातलं पहिलं चित्रपटगृह होतं, 'मिनर्वा'ही जवळच. दोन्ही गेली, वाहनतळांना नावं राहिली. परवा माझी पुतणी विचारत होती, 'आत्या, हा आर्यन कोण होता गं?'

'प्रभात'चं तसं झालं नाही. किब्यांकडे परत गेल्यावर ते 'किबे लक्ष्मी' या नावाने पुन्हा उघडलं. पाटी उतरली तेव्हा ग्रुपवर जे रडले त्यांच्यापैकी नव्या पाटीखालून आत कोण गेलं, हे मी विचारणार होते. मग काकांनी मध्येच लिहिलं की त्यांना पुण्याला आणायला गाडी पाठवत असाल तर ते येतील, फक्त खेळ सहाचा हवा, नऊचा नको, झोप येते. आणि शक्यतो दुसऱ्या आठवड्यात.